नेटी आणि चार बटणांची डबी

आधीच सांगून टाकते, माझी कॉफी वाईट नाही. पुढे तिच्याबद्दल बरंवाईट येणार आहे आणि ते चारशे माणसांनी वाचलेलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण हॅलर क्रीक गावात बर्फावरच्या हॉकीचं जे रिंक आहे, तिथे एकोणीस वर्षं कँटीन चालवतेय मी. वजा तीसमध्ये माणूस कॉफी चवीसाठी पितो का? हात शेकायला पितो. असो. गोष्ट माझी नाही, नेटी डुमान्स्कीची आहे.

नेटी आमच्या रिंकची मॅनेजर. एकतीस वर्षं झाली. मॅनेजर म्हणजे सकाळी साडेपाचला दार उघडणारी, नळ गोठला तर तो शेकणारी, कुणाच्या पोराचे स्केट लहान झाले ते त्याच्या आईच्या आधी ओळखणारी. गावात मूल जन्मलं की लोक वजन विचारतात. नेटी विचारते, "डावखुरं आहे का गं? आपल्या टीममध्ये डाव्या बाजूला कुणी नाहीये." नवरा गेल्याला बारा वर्षं झाली. तेव्हाही तिसऱ्या दिवशी ती रिंकवर हजर. का आलीस म्हटलं, तर म्हणाली, "घरी मला कुणी काही विचारत नाही गं. इथे निदान टॉयलेटची किल्ली तरी मागतात."

तिचं ऑफिस वरच्या मजल्यावर, बर्फाकडे तोंड केलेली मोठी सरकती खिडकी असलेलं. आणि त्या खिडकीच्या बरोब्बर डोक्यावर, बाहेरच्या भिंतीला, दिव्यांचा मोठा बोर्ड. गोल किती झाले, वेळ किती उरली, कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिले, सगळं त्यावर सरकत जातं. म्हणजे बोर्ड अख्ख्या गावाला दिसतो, एक नेटी सोडून. तिला तो बघायचा तर जिना उतरून खाली यावं लागतं.

पूर्वी त्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता. मग बोर्डासाठी वेगळा आला. मग बर्फ थंड ठेवणाऱ्या यंत्राचा आला. मग दारांवरच्या कॅमेऱ्यांचा आला. प्रत्येक जण आपापला मॉनिटर, आपापला कीबोर्ड, आपापला माऊस घेऊन आला आणि टेबलावर ठाण मांडून बसला. नेटीला चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही, ती तो मांडीवर धरून बसायची. एका कॉम्प्युटरचा माऊस हलवायची आणि दुसऱ्याच्या पडद्यावर बाण का हलत नाही म्हणून त्याला रागवायची.

मग क्लिफर्ड टेटला उपाय सापडला. क्लिफर्ड आमच्या रिंक कमिटीचा अध्यक्ष. बियाणं विकतो आणि प्रत्येक गोष्टीवर त्याला उपाय सापडतो. त्याने एक डबी आणली, साबणाच्या वडीएवढी, चार बटणांची. चारही कॉम्प्युटरच्या वायरी तिच्यात खुपसल्या आणि टेबलावर एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड, एकच माऊस ठेवला. जे बटण दाबाल तो कॉम्प्युटर समोर येणार, बाकीचे तीन मागे आपापलं काम करत बसणार. बटणापर्यंत हात न्यायचा नसेल तर कीबोर्डवर कंट्रोल दोनदा टकटक करायचं आणि आकडा दाबायचा. डबी टीक् करते आणि माणूस दुसऱ्या घरात.

"चार सुना आणि एकच चूल," मी म्हटलं. "भांडणं होणार बघ."

"होऊ देत," नेटी म्हणाली. "निदान भांडीकुंडी तरी कमी झाली." आणि तिने टेबलावर, मोकळ्या जागेत, अगदी मधोमध चहाचा कप ठेवला.

भांडणं झालीच. आपण कुणाच्या घरात आहोत हे विसरून नेटी लिहायला लागायची. एकदा तिने बर्फाच्या यंत्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. यंत्राने 'सूचना समजली नाही' असं उत्तर दिलं. "माझा नवराही दर वर्षी हेच म्हणायचा," नेटी म्हणाली आणि हसत सुटली. तिने बटणांवर नेलपॉलिशचे चार रंगांचे ठिपके लावले. पण ठिपके बघायला मान वर करावी लागते ना! नेटीचं दुखणं तिथेच होतं.

नेटी टायपिंग शिकली ती कॉन्व्हेंटमध्ये, नन बायकांकडे, जुन्या खटखट मशीनवर. त्यांचा नियम एकच. नजर कागदावर. ना बोटांकडे, ना मशीनकडे. पाहिलंस की बोटांवर पट्टी. आणि ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग कागद मागे सारून नवी ओळ. आता घंटी नाही, कागद नाही, कॉम्प्युटर ओळ आपली आपण मोडतो. पण नेटीच्या डोक्यात घंटी वाजते ती वाजतेच. साठेक अक्षरं झाली की तिचं करंगळीचं बोट जाऊन एंटर दाबतंच. मी किती वेळा सांगितलं. म्हणते, "हात बोलतो तेव्हा मी मध्ये पडत नाही."

आता तो हातच कुरकुर करायला लागला होता. बोटांचे सांधे धरलेले. जानेवारीच्या मिटिंगमध्ये क्लिफर्डने नवा उपाय काढला, की रेजायना शहरात एक कंपनी आहे, ती हे चारही कॉम्प्युटर तिथूनच फोनवरून चालवील.

"उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हण की," मी म्हटलं.

क्लिफर्ड माझ्याकडे न बघता नेटीला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस नेटी, पण तू जरा हळू झालीयेस."

नेटीने "हं" म्हटलं. मिटिंगचे कप गोळा केले. त्यानंतर महिनाभर ती काम सगळं करत होती, पण पोरांच्या स्केटचे नंबर विचारेनाशी झाली. मला कळायला हवं होतं. मी मेली कँटीनच्या तळणीत गुंग.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी पाइन कुली गावाशी हॉकीची मॅच होती. अख्खं गाव आलेलं, पाइन कुलीचंही निम्मं. पहिल्या डावाच्या शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरांनी गोल केला. भोंगा वाजला, छप्पर उडेल असा आरडाओरडा. नेटीने वर बसून गोल चढवला, बोर्डाच्या कॉम्प्युटरवर ओळीच्या चौकटीत गोल करणाऱ्याचं नाव टाकलं, एंटर दाबलं की ओळ बोर्डावर. मध्यंतर झालं. आता सतरा मिनिटं मोकळी. तिने पर्समधून हाताने लिहिलेला कागद काढला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जायला कंट्रोल दोनदा टकटकवलं, एकचा आकडा दाबला आणि नजर कागदावर लावून सुरू झाली.

पण दुसरी टकटक बोटाने उशिरा केली. डबीला ती कळलीच नाही. टीक् झालं नाही, आणि झालं असतं तरी त्या गोंधळात कुणाला ऐकू येणार! नेटी बोर्डाच्या घरातच राहिली, आणि तो एकचा आकडाही तिथेच उमटला.

मी कँटीनच्या खिडकीतून ग्रेव्ही घातलेले फ्राइज देत होते. समोरचा माणूस हातातलं घेईना. मान वर करून बघत होता. मी पण पाहिलं. बोर्डावर दिवे सरकत होते:

१प्रिय मरूसिया, तुझं पत्र आणि मोजे दोन्ही पोचले.

मरूसिया नेटीची थोरली बहीण, लांब केलोना शहरात असते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. मोज्यांचं ठाऊक नव्हतं. ओळ गेली, दुसरी आली.

इकडे वजा एकतीस. बोटं सकाळी ऐकतच नाहीत, दुपारी ऐकतात पण उलट बोलतात.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "हे काय, नवीन जाहिरात आहे का?" कुणीतरी त्याला गप्प केलं. त्या वेळी कुणीतरी जिना चढून जायला हवं होतं. वीस पायऱ्या. मी जाणारच होते, खरं सांगते, ॲप्रनची गाठ सोडलीही होती. तेवढ्यात आलं:

बर्निसची कॉफी मी एकोणीस वर्षं नेमाने घेते आणि कुंडीत ओतते. जिरॅनियम मेलं.

बर्निस म्हणजे मी. चारशे माणसं आधी बोर्डाकडे बघत होती, ती माझ्याकडे बघायला लागली आणि मग एकदम आपापल्या कपाकडे. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. मी ॲप्रन परत घट्ट बांधला. जा म्हटलं, लिही. लिही अजून काय लिहायचंय ते!

लिहीतच होती.

लायल यंत्रावर बसून देवाची गाणी म्हणतो. त्याला वाटतं मोटारीच्या आवाजात ऐकू येत नाही. सगळं ऐकू येतं, वरच्या पट्टीसकट.

लायल म्हणजे बर्फ घासून गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा. तो नेमका बर्फाच्या मधोमध होता. यंत्र थांबलं. लायल तिथेच बसून राहिला, तोंड अर्धवट उघडं, आणि यंत्राखाली बर्फाला खड्डा पडायला लागला.

क्लिफर्डच्या गावजेवणातल्या पेरोगी आईच्या हातच्या नसतात, दुकानच्या असतात.

तीन वर्षं पाहतेय. रिकाम्या पिशव्या तो रिंकच्या कचऱ्यात टाकतो.

बाई गं! पेरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, आणि तीन वर्षं त्याच्या पेरोगींना पहिलं बक्षीस. मी क्लिफर्डला शोधलं. तो पाइन कुलीच्या अध्यक्षाशेजारी बसलेला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. मला इतकं हसू आलं की कॉफीचं दुःख निम्मं झालं. आणि त्या हसण्यातच पुढची ओळ आली.

पण तो म्हणतो ते खरं आहे. मी हळू झालेय.

मार्चअखेर मी तुझ्याकडे येते. मागची खोली तयार ठेव. कायमची येते.

इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की ते निरोपाचा केक आणतील.

केक कापला की माणूस संपलं. मला केक नको.

मग बोर्ड थांबला. ती शेवटची ओळ तशीच राहिली. माझ्या हातातले फ्राइज गार झाले होते.

वर नेटीने मान उचलली असणार. ओळ एकदम पुसली गेली आणि परत दोन-एक असे गोल दिसायला लागले. दोन मिनिटांनी ती जिना उतरून खाली आली. चेहरा पांढराफटक. कठड्याला धरून तिने एकेकाकडे पाहिलं.

आता आमच्या गावाची रीत सांगायला हवी. कुणाची फजिती झाली की ती आपण पाहिलीच नाही असं वागायचं. कुणी रस्त्यात घसरून आपटलं तर आधी आभाळाकडे बघायचं, तो उठून कपडे झटकून उभा राहिला की मग हवापाण्याची चौकशी करायची. आम्हाला आईबापांनी हेच शिकवलं आणि आम्ही ह्यालाच चांगुलपणा समजतो. तेव्हा नेटी खाली आली तर चारशे माणसं एका सुरात कामाला लागली. कुणी बूट बांधतंय, कुणी सॉसची बाटली शोधतंय. क्लिफर्ड म्हणाला, "काय थंडी आहे, नाही?" लायलने यंत्र चालू केलं. आणि मी? मी पण तोंडात मूग धरून बसले. म्हटलं, "थंडी आहे खरी. फ्राइज देऊ?"

"नको," नेटी म्हणाली. परत वर गेली. पुढचे दोन डाव तिने एकही चूक केली नाही.

त्यानंतर तीन आठवडे गावात अळीमिळी गुपचिळी. पण गप्प बसलेली माणसं काय काय करत होती, विचारू नका. क्लिफर्ड एका सकाळी डबा घेऊन आला. पेरोगी. स्वतः केलेल्या. कडा उचकटलेल्या, बटाटा बाहेर, खाली करपलेल्या. "जास्त झाल्या होत्या घरी," म्हणाला आणि पळाला. रेजायनाच्या कंपनीचं नाव पुढच्या मिटिंगमध्ये निघालंच नाही. लायलने हॉकीच्या चकतीचे चार जाड काप केले, रंगवले आणि नेटी जेवायला गेली असताना डबीच्या चार बटणांवर चिकटवून टाकले. आता बोटाची गरज नाही, तळहात आपटला तरी कॉम्प्युटर बदलतो. कुणी केलं म्हणून नेटीने विचारलं तर म्हणतो, "आधीपासून तसंच नव्हतं का?" गाणं मात्र त्याने पार बंद केलं. गुमसुम यंत्र फिरवायचा.

मी काही केलं नाही. मी रागावले होते. कॉफीवरून, असं मी स्वतःला सांगत होते. नवी किटली आणली ती योगायोगाने आणली.

मार्चच्या मध्यावर नेटी कँटीनच्या खिडकीशी आली. "बर्निस, चिप्सची रिकामी खोकी आहेत का गं?"

"किती?"

"आठ-दहा."

"कशाला?"

"असंच. आवराआवर."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी दहा खोकी काढली, एकात एक घातली, तिच्यासमोर आणून ठेवली आणि मग माझं डोकंच फिरलं. ती खोकी उचलून मी जिना चढले, ऑफिसात गेले आणि जमिनीवर आपटली. नेटी धापा टाकत मागून आली.

"एकोणीस वर्षं!" मी ओरडले. "एकोणीस वर्षं रोज ह्या जिन्याने वर येतेय मी, आणि मला बोर्डावर वाचायला लागलं?"

नेटी दारात थिजली. "बोर्डावर?" म्हणाली. "तू वाचलंस?"

"मी? अगं सगळ्यांनी वाचलं!"

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही वाचलं. मी खाली आले ना तेव्हा. सगळे आपले खात होते."

मला आधी कळेचना ती काय म्हणतेय. मग ती खुर्चीत बसली आणि हळूहळू सांगायला लागली. "आधी मला इतकं हायसं वाटलं, बर्निस. वाटलं, देव पावला. घरी गेले, झोपले. सकाळी उठले आणि वाटलं, दहा ओळी गं. दहा ओळी बोर्डावर गेल्या, चारशे माणसं समोर, आणि एकानेही मान वर केली नाही. मी जाते म्हणून लिहिलं आणि कुणाच्या ते नजरेसही पडलं नाही. म्हटलं, मग आता प्रश्नच मिटला. तोवर नुसतं पत्रात लिहिलं होतं. त्या सोमवारी तिकीट काढलं."

मी मटकन् खोक्यावर बसले. खोकं चेपलं. आम्ही तिला लाज वाटू नये म्हणून आभाळाकडे बघत राहिलो, आणि बाई समजली की आमचं तिच्याकडे लक्षच नाही! आमचा चांगुलपणा तिला सामान बांधायला लावून बसला होता.

"कप्पाळ माझं," मी म्हटलं. "अगं क्लिफर्डने पेरोगी कशाला केल्या?"

"त्याला जास्त झाल्या होत्या."

"क्लिफर्डला? जन्मात कणीक मळलीये का त्याने? आणि ही बटणं कुणी मोठी केली? आणि लायल गात का नाही?"

"मला वाटलं त्याचा घसा बसलाय. मी त्याला गोळ्या दिल्या."

"त्याने घेतल्या?"

"घेतल्या."

आमच्या गावातली माणसं अशी आहेत. न दुखणाऱ्या घशाला औषध घेतील, पण तोंड उघडणार नाहीत. मला हसू यायला लागलं आणि त्यातच रडूही. मी म्हटलं, "हे बघ नेटी. मला गोड बोलता येत नाही. कॉफी पण करता येत नाही, ठीक आहे, मान्य. पण जाऊ नकोस. मला नको आहे तू गेलेलं."

नेटी माझ्याकडे बघत राहिली. एवढं पाहिलं नसेल तिने मला एकोणीस वर्षांत. मग उठली, खिडकी सरकवली. गार हवा आत आली. खाली लायल बर्फावर गोल गोल फिरत होता आणि कठड्याशी क्लिफर्ड टेट दोघातिघांशी बोलत उभा होता.

"लायल!" नेटीने हाक मारली. "यंत्र थांबव!"

थांबलं.

"माझं पत्र वाचलंस तू?"

लायलने बुटांकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. क्लिफर्डकडे पाहिलं. क्लिफर्ड हातमोज्याचा धागा शोधायला लागला.

"खरं सांग," नेटी म्हणाली.

"वाचलं," लायल म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

साठ वर्षांचा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा मान खाली घालून बसलेला. मला वाटलं, आता हा थंडीबद्दल बोलणार. बोलला असता तर मी वरून खोकं मारलं असतं.

"नेटी," तो शेवटी म्हणाला, "तू गेलीस तर मी हे यंत्र कुणासाठी फिरवू?"

असलं वाक्य आमच्या गावात माझ्या हयातीत कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही. म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. क्लिफर्ड घसा खाकरून पुढे झाला. "माझं चुकलं, हळूबिळू म्हणालो ते," म्हणाला. "आणि पेरोगींचंही." बाकीचे दोघंतिघं आभाळाकडे बघायला गेले, पण वर छप्पर होतं, म्हणून मग नेटीकडे बघत राहिले.

नेटीने खिडकी लावली. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि फोन उचलला. मी जायला उठले तर हातानेच बस म्हणाली.

"मरूसिया? मी बोलतेय. अगं ऐक, त्या खोलीत शिवणाचं मशीन ठेव तुझं. नाही, नाही, बरी आहे मी. येईन ना. जुलैत येईन, पंधरा दिवस." मग तिने थोडा वेळ पलीकडचं ऐकलं आणि म्हणाली, "जास्त नाही जमणार गं. सप्टेंबरात आम्हाला रिंकवर नवा बर्फ घालायचा असतो."